एक हात म्हणजे किती?

१६९१च्या डिसेंबरात एक डच जहाज कोचीनहून सुरतेला निघालं होतं. त्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीचा एक बडा अधिकारी होता, हेन्ड्रिक फान रेडे. सुरत गाठण्याआधीच, मुंबईच्या जवळपास, तो जहाजावरच वारला. त्याचा मृतदेह सुरतेला नेला गेला आणि जानेवारी १६९२मध्ये तिथल्या डच दफनभूमीत पुरला गेला. त्याची कबर आजही तिथे आहे.

मुंबई ते सुरत अशी समुद्रातून रेघ ओढली तर ती आमच्या गावासमोरून जाते. गाव झाई, तालुका तलासरी, जिल्हा पालघर. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं अगदी वरचं टोक. दक्षिणेला बोर्डी आणि घोलवडचे चिकू, उत्तरेला खाडी, खाडीपलीकडे उंबरगाव, म्हणजे गुजरात. (टीव्हीवरच्या 'रामायणा'चं शूटिंग झालं तेच उंबरगाव. झाई कुठे आहे हे सांगताना मी हे वाक्य कॉलेजपासून वापरत आलेय.) म्हणजे एका मेलेल्या माणसाला घेऊन ते जहाज कधीतरी आमच्या गावासमोरून, किनाऱ्यापासून दूर, उत्तरेकडे सरकत गेलं असणार.

शाळेच्या पुस्तकात डच म्हणजे पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या मधली एक ओळ, फार तर वेंगुर्ल्याची वखार. ते आमच्या समोरून ये-जा करत होते हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं, तेही बेंचवर असताना. आयटीत नसलेल्यांसाठी: बेंचवर असणं म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि रोज सकाळी लॅपटॉप उघडताना पोटात गोळा, की आज ती मेल आलेली असेल. मी पुण्यातली खोली सोडून झाईला घरी आले होते. आई पहाटे सुके बोंबील घेऊन बाजाराला जायची आणि मी ऑनलाइन हिरवा ठिपका दिसावा म्हणून माऊस हलवत बसायचे. हाताला काहीतरी काम हवं होतं. म्हणून ठरवलं, आपल्या समोरून गेलेल्या जहाजासारखं एक डच जहाज लाकडात बनवायचं.

इंजिनिअर माणूस पहिल्यांदा ड्रॉइंग शोधतो. ते मिळेना. मग कळलं की सतराव्या शतकात डच गोद्यांमध्ये जहाज बांधायच्या आधी ड्रॉइंग काढायची रीतच नव्हती. युरोपातला सर्वांत मोठा व्यापारी ताफा या चिमुकल्या देशाकडे होता आणि त्यातली जहाजं कागदावर कधी उतरलीच नव्हती.

*

मॉडेल जहाजांचे किट मिळतात, त्यांत आधी सांगाडा येतो. लेझरने कापलेल्या प्लायवूडच्या आडव्या चकत्या एका लांब पट्टीत बसवायच्या आणि वरून पातळ लाकडी पट्ट्या चिकटवत जायचं. जहाजाचा आकार चकत्यांमध्ये आधीच ठरलेला असतो, पट्ट्या ही फक्त वरची कातडी.

अ‍ॅम्स्टरडॅमचे सुतार उलट्या बाजूने यायचे. आधी पठाण. (बोटीच्या तळाचा कणा असतो ना, त्याला आमच्याकडे पठाण म्हणतात. पुढचं उभं लाकूड ती नाळ.) पठाणावर पुढचं आणि मागचं लाकूड उभं करायचं. मग पठाणाच्या दोन्ही अंगांना तळाच्या फळ्या कडेला कड लावून जोडत जायचं, आत फासळ्या नसतानाच. फळ्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून वरून लाकडाचे छोटे ठोकळे तात्पुरते खिळ्यांनी ठोकायचे. तळ मनासारखा झाला की आत फासळ्या बसवायच्या, ठोकळे काढायचे, आणि खिळ्यांची भोकं लाकडाच्या बारक्या खुंट्यांनी बुजवायची. आज समुद्रातून एखादं जुनं जहाज वर येतं तेव्हा संशोधक तळाच्या फळ्यांवर या खुंट्या शोधतात. खुंट्यांच्या रांगा दिसल्या की हे डच हातांचं काम, असं ओळखता येतं.

म्हणजे जहाजाचा आकार सुताराच्या डोळ्यात होता आणि फळी लावता लावता तो बाहेर यायचा.

हे आपल्याला कळतं ते मुख्यतः एका पुस्तकामुळे. निकोलास विटसेन या अ‍ॅम्स्टरडॅमच्या श्रीमंत घरातल्या माणसाने १६७१मध्ये जहाजबांधणीवर जाडजूड ग्रंथ छापला. तो सुतार नव्हता. शिकलेला होता कायदा, पुढे १३ वेळा शहराचा महापौर झाला. पुस्तक आलं तेव्हा जेमतेम तिशीचा. त्याने बांधणीची रीत समजून घेऊन लिहून काढली आणि उदाहरण म्हणून 'पिनास' जातीचं एक जहाज घेतलं: १३४ फूट लांब, २९ फूट रुंद.

ड्रॉइंग नव्हतं, पण नियम होते, आणि ते वाचून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. जहाजाची लांबी सांगा, बाकी सगळं त्यातून निघतं. लांबीच्या दर १० फुटांमागे नाळेची आतल्या बाजूची जाडी १ इंच. नाळेच्या जाडीवरून पुढची लाकडं. एक इनपुट द्या आणि मापांची साखळी उलगडत जाते. फक्त फूट आपला नाही. अ‍ॅम्स्टरडॅमचा फूट २८.३ सेंटिमीटरचा आणि त्यात इंच ११. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. १३४ फूट म्हणजे जवळपास ३८ मीटर, १:७२ प्रमाणात ५३ सेंटिमीटर. नाळ साडेतेरा इंचांच्या आतबाहेर, म्हणजे मॉडेलमध्ये पाच मिलिमीटरलाही किंचित कमी.

आणि मग साखळी तुटली. लाकडाच्या जाड्या सगळ्या मिळाल्या, पण तळाची फळी नाळेकडे जाताना किती वळवायची, कुठून वर उचलायची, याला नियम सापडेना. विटसेनचा ग्रंथ विस्कळीत आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये जहाजांच्या मॉडेलांची डागडुजी करणारे अब होविंग यांनी त्याचा उलगडा केला तो त्यातलं जहाज मॉडेल म्हणून बांधून. एकेक वाक्य त्यांनी लाकडावर तपासलं. ज्यांनी कधी लेगसी कोडवर काम केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मूळ लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलाय, डॉक्युमेंटमध्ये अर्धंच आहे, आणि कळून घ्यायचा एकच मार्ग उरतो: चालवून बघा.

*

आता आजोबा. आईचे वडील, वय ८१. आयुष्यभर बोटी बांधल्या, झाईत आणि आसपासच्या बंदरांत. सागाच्या फळ्या, बाभळीच्या फासळ्या. काचबिंदूमुळे आता समोरचं धूसर दिसतं, कडेचं तर जवळजवळ नाहीच. ते मांगेली बोलतात. खाली त्यांची वाक्यं मी प्रमाण मराठीत लिहिलीत, त्यामुळे ती आहेत त्यापेक्षा सभ्य वाटतील.

त्यांनी हे काम कुणालाच शिकवलं नाही. मामांना शिकवलं नाही कारण मुलांनी शिकून नोकरी करावी असं त्यांना वाटत होतं. मला शिकवायचा प्रश्न कधी निघालाच नाही, कारण मी मुलगी. बोट बांधणीला असली की आम्हा मुलींचं काम चहा पोचवायचं. मामांनी नोकरी केली नाही, ते समुद्रावरच गेले. पण आता त्यांची बोट फायबरची आहे. साच्यातून निघालेली, हलकी, दरवर्षी फटी बुजवायची कटकट नाही. मामांचा हिशोब चोख आहे आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा आजोबांना विचारलं होतं की बोट कशी बांधतात. ते म्हणाले, "आधी पठाण टाकायचा, मग फळ्या." आणि बाहेर निघून गेले. माझ्या वहीत तेवढीच एक ओळ होती.

मॉडेल मी घराच्या पडवीत बांधत होते. एक मिलिमीटर जाडीच्या सागाच्या पट्ट्या, गरम पाण्यात भिजवायच्या, वळवायच्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या. ठोकळे म्हणून आगपेटीच्या काड्यांचे तुकडे. अगदी डच पद्धतीने, फासळ्यांशिवाय. पठाणाच्या दोन्ही बाजूंना चार-चार फळ्या लागल्या होत्या आणि तळ एखाद्या उथळ ताटासारखा दिसत होता. आजोबांनी येऊन तो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठा फळीवरून नाळेकडे नेला, परत आणला, मग दुसऱ्या बाजूने नेला.

"कुठली बोट?"

"डच लोकांची. हॉलंड. साडेतीनशे वर्षांपूर्वीची."

ते अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "खाडीतली माणसं आहेत ही."

मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, एवढं चपटं पोट खोल पाण्यातला माणूस कशाला करेल? ओहोटीला बोट चिखलात बसते. पोट चपटं असेल तर सरळ बसते, गोल असेल तर आडवी पडते आणि भरतीला आधी पाणी आत येतं. आमची खाडी ओहोटीला रिकामी होते, बोटी गाळावर टेकून उभ्या राहतात, हे मी जन्मापासून बघतेय. बोटीचं पोट आणि ती रिकामी खाडी यांचा संबंध मी कधी लावला नव्हता.

त्या रात्री मी अ‍ॅम्स्टरडॅमचा जुना नकाशा उघडला. तेव्हा शहरात समुद्रातून यायचा रस्ता झाउडरझे नावाच्या उथळ आखातातून होता आणि बंदराच्या तोंडाशीच पाम्पुस नावाचा गाळाचा पट्टा. भरलेली जहाजं तिथे अडकायची. १६९०मध्ये यावर एक भारी उपाय निघाला. जहाजाच्या दोन बाजूंना दोन प्रचंड पोकळ लाकडी पेट्या पाणी भरून बुडवायच्या, जहाजाला बांधायच्या आणि आतलं पाणी उपसायचं. पेट्या तरंगू लागल्या की जहाजही वर उचललं जायचं आणि गाळावरून ओढून नेता यायचं. या पेट्यांना डच लोक 'उंट' म्हणत. जावा-सुमात्रापर्यंत जाणाऱ्या जहाजांचं पोट चपटं होतं ते घराच्या उंबरठ्यावरच्या या चिखलामुळे.

विटसेनच्या पानांत मला जे सापडलं नव्हतं ते आजोबांना अंगठ्याने चार फळ्यांत कळलं.

*

त्यानंतर ते रोज पडवीत येऊ लागले. मी काही विचारलं की उत्तर यायचंच असं नाही. "फळीचं टोक किती निमुळतं करायचं?" याला उत्तर "बघून". पण हातात डच बोट दिली की टीका सुरू व्हायची, आणि टीकेत सगळं असायचं. जहाजाच्या भिंती वर जाताना आत झुकतात, हे त्यांना अजिबात पटलं नाही. "पोट बाहेर, खांदे आत. ही घागर आहे. जाळं कुठून ओढायचं?" मी सांगितलं की वर तोफा असायच्या, वजन आत राहिलेलं बरं. त्यावर विचार करून म्हणाले, "मग ठीक. जाळं ओढायला बाजू बाहेर हवी, माणूस वाकला तरी तोल राहतो." वहीत दुसरी ओळ आली.

डच फळी नाळेला मिळते ती जागा चाचपून त्यांनी सांगितलं की आमची नाळ अशी गोल पोटाची नसते, पुढे सरळ कललेली असते. का, तर वाळूवर चढवताना नाळ आधी टेकते. तिसरी ओळ. नाळ किती उंच, तर नाळेखाली उभं राहून हात वर केला की बोटं टेकतील एवढी. कोणाची बोटं? "माझी. अजून कोणाची?"

थेट प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस दुसऱ्याची बोट हातात आल्यावर बोलतो, याचा मी पुढे पुरेपूर फायदा घेतला. एखाद्या ठिकाणी डच पद्धत काय आहे ते सांगायचं आणि गप्प बसायचं. आठ महिन्यांत वही भरत आली. दरम्यान मला बेंचवरून प्रोजेक्ट मिळाला, घरून काम करायची परवानगीही मिळाली. दिवसा स्टँडअप कॉल, संध्याकाळी पडवी.

वही भरत असताना मला रशियाचा झार पीटर आठवायचा. १६९७मध्ये तो जहाजबांधणी शिकायला हॉलंडला आला. याच विटसेनच्या मदतीने त्याला अ‍ॅम्स्टरडॅममध्ये कंपनीच्या गोदीत प्रवेश मिळाला आणि राजाने स्वतः हातात कुऱ्हाड घेऊन काम केलं. शेवटी नाराज झाला. सुतारांचं काम उत्तम होतं, पण जहाजाचं गणित आणि आराखडा कसा मांडायचा हे कोणी त्याला सांगू शकेना. १७२०च्या रशियन आरमारी नियमावलीच्या प्रस्तावनेत ही तक्रार नोंदवलेली आहे. पुढच्या वर्षी तो इंग्लंडला गेला, जिथे ड्रॉइंग काढून जहाजं बांधत. अठराव्या शतकात खुद्द अ‍ॅम्स्टरडॅमच्या आरमारानेही इंग्रज सुतार बोलावले.

पीटरची घाई मला समजते. त्याला परत जाऊन शेकडो जहाजं बांधायची होती, आणि जे एका माणसाच्या डोळ्यात आहे ते शेकडो जागी नेता येत नाही. ड्रॉइंग नेता येतं, साचा नेता येतो. पण पडवीत बसल्यावर त्याची किंमत दिसते. झाईच्या बोटीचं पोट झाईची खाडी बघून ठरलं होतं. फायबरचा साचा कुठल्या एका खाडीसाठी बनत नाही, तो सगळ्या किनाऱ्याला चालेल असा बनतो. आणि आता आमच्या दक्षिणेला, डहाणूजवळ वाढवणला, ७६,००० कोटींहून जास्त खर्चाचं बंदर होतंय. ३० ऑगस्ट २०२४ला पायाभरणी झाली. ती जागा निवडली कारण तिथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली आहे, जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं येऊ शकतील. मच्छीमारांचा विरोध अनेक वर्षांचा आहे, त्यांची मासेमारीची जागा जातेय. मी आजोबांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे जहाज आहे तसंच राहणार आणि किनारा बदलणार?"

हो. आजवर बोट किनाऱ्याप्रमाणे वळायची.

*

फान रेडेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्याचं नाव आज घेतलं जातं ते अधिकारी म्हणून नाही, 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथासाठी. मलबारच्या वनस्पतींवरचे १२ खंड, १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापलेले. त्यातली माहिती सांगणारे इथलेच होते: इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य, आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. पहिल्या खंडात या चौघांची निवेदनं त्यांच्या भाषेत, त्यांच्या लिपीत छापलेली आहेत. कोकणी वैद्यांचं देवनागरीत आहे, १६७५ सालचं. ज्यांच्या तोंडून ज्ञान आलं त्यांची नावं तीनशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन ग्रंथात सापडतात.

विटसेनने ज्यांची रीत लिहिली त्या सुतारांना मी नावाने ओळखत नाही. मला त्यांच्या फक्त खुंट्या माहीत आहेत. माझ्या मॉडेलवर मी त्या खुंट्या रंगाखाली झाकल्या नाहीत. तळ उलटा करून बघितलात तर दिसतील, सुईच्या टोकाएवढ्या, रांगेने. वहीच्या पहिल्या पानावर आजोबांचं पूर्ण नाव आहे. खाली लिहिलंय, 'यांनी सांगितलं'. माझं नाव त्याखाली, 'हिने लिहून घेतलं'. नाव लिहिल्याचं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी आईला म्हणाले की पोरीला चहा पाठवायला सांगू नका, ती कामात असते.

आता दुसरं मॉडेल सुरू केलंय. आजोबांनी बांधलेली एक बोट, जी कधीच मोडीत निघाली आणि जिचा एकही फोटो नाही. तिची सगळी मापं हातांत आहेत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या फुटाची लांबी कोणीतरी नोंदवून ठेवली म्हणून माझा प्रोग्राम चालला. इथे ते काम मलाच करायचं होतं. आजोबांना टेबलावर हात पसरायला सांगितला आणि टेप लावली. ४५.५ सेंटिमीटर. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत आता हा आकडा आहे.

बोटीचा पठाण २० हातांचा होता. मी प्रमाण १:२० ठेवलं, म्हणजे मॉडेलचा पठाण बरोबर त्यांच्या एका हाताएवढा येतो. परवा लाकूड कापून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याच्या शेजारी हात ठेवला, कोपर एका टोकाला लावलं, बोट दुसऱ्या टोकाला टेकलं.

"बरोबर आहे," म्हणाले. "आता फळी आण."